अष्टमीचे उंट

उंट उठताना आधी मागचे पाय उभे करतो, त्यामुळे पाठीवरचा माणूस पुढे फेकला जातो. बसताना तो आधी पुढचे गुडघे टेकतो, तेव्हाही माणूस पुढेच फेकला जातो. म्हणून दोन्ही वेळा मागे रेलायचं आणि दोन्ही हात खोगिराच्या खुंटीला ठेवायचे. हा लेख इथेच सोडून फराळाकडे वळलात तरी एवढं लक्षात ठेवा. बाकीचं मी सावकाश सांगते.

आचोळ्याला एका इमारतीच्या तळमजल्यावर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून माझं सहलींचं ऑफिस आहे. दोन टेबलं, एक कपाट आणि कपाटात याद्यांच्या वह्या. सोळा हिवाळे मी वसई-विरारच्या माणसांना राजस्थानात नेऊन उंटावर बसवते आहे. लोकांना वाटतं, उंटाची सफर म्हणजे वाळवंटात जायचं, उंट दिसला की बसायचं. प्रत्यक्षात हे काम तीन महिने आधी, पंख्याखाली बसून, वहीत होतं.

थोडी कल्पना देते. माणशी एक उंट, आणि सामानाला वेगळे. नवख्या माणसाने एका वेळी दोन तासांपेक्षा जास्त बसायचं नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो जेवायलाही उभाच राहतो. जीन्स नको, सैल पायजमा हवा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला पाच लिटर, आणि ते जीपमधून मागून येतं. चष्म्याला दोरी बांधायची. दातांची कवळी असेल तर ती डबीत आणि डबी पिशवीत, कारण वाळू गिळलेली वस्तू परत देत नाही. स्वेटर खरा हवा. वसईच्या माणसाकडे एकच स्वेटर असतो आणि तो लग्नात सासरहून आलेला असतो. हिवाळ्यात नर उंट मस्तीत येतात. तोंडाच्या बाजूने गुलाबी फुगा बाहेर काढतात. लोक फोटो काढायला जवळ जातात. जायचं नाही.

या यादीतली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी अंगावर बेतून आलेली आहे. कवळीची ओळ हसण्यासारखी आहे, पण सगळ्या तशा नाहीत.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात विरारचे एक निवृत्त गणिताचे शिक्षक आले होते. सर स्वतः टापटिपीचे, माझ्या याद्यांवर खूश. उंट उठताना काय करायचं ते मी सगळ्यांना नीट समजावलं होतं. बसताना काय होतं, ते सांगितलं नव्हतं. मला वाटलं, उतरणं काय, उतरतील. टेकडीवरून परत आल्यावर सरांचा उंट बसला, सर खुंटीवरून पुढे गेले आणि उजव्या मनगटावर पडले. हाड जुळलं, पण बोटं पूर्वीसारखी चालेनात. सर देवळातल्या भजनाला पेटी वाजवत असत. ती सुटली. मी भेटायला गेले तेव्हा पेटीवर कापड घातलेलं होतं. सर म्हणाले, "बाई, उदाहरण बरोबर सोडवलंत. शेवटची पायरी लिहायची राहिली."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. उतरण्याची सूचना लाल शाईने पहिल्या पानावर आली. आणि एक नियम आला: साठीच्या पुढच्यांना उंटाची पाठ नाही, उंटगाडी. रबरी टायरची, गादी घातलेली, ऐसपैस गाडी. पुढे उंटच असतो, वाळूही तीच असते. तेरा वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नव्हता. खासदारांचे सासरे गाडीत बसले, माझी सख्खी मावशीसुद्धा गाडीतच बसली.

मग अर्नाळ्याच्या किल्ल्यावरच्या बायका आल्या.

किल्ला म्हणजे अर्नाळ्यासमोरचं बेट. तिथे कोळ्यांची वस्ती आहे. बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळ्यासाठी होडीने इकडे यावं लागतं. तिथल्या महिला मंडळाच्या अकरा जणी. त्यांची पुढारी संगीता, चाळिशीची, बोलायला फटाफट. तिने फोनवर नावं दिली आणि म्हणाली, "तारीख तुमीच टाका मॅडम. आमाला काय, वालूच बघायची हाय."

मी तारीख टाकली. मार्गशीर्षातली पौर्णिमा. माझी सगळ्यात चांगली तारीख होती ती. पौर्णिमेच्या चांदण्यात वाळूच्या टेकड्या बघायला लोक वर्षवर्ष आधी नाव नोंदवतात. तंबू कसेबसे मिळवले आणि मोठ्या ऐटीत संगीताला कळवलं.

तिसऱ्या दिवशी अकरातल्या सहा जणी ऑफिसात. खुर्च्या चार. बाकीच्या दोघी दारात उभ्या.

"पुनवेला?" संगीता म्हणाली. "मॅडम, पुनवेला आमचं उधान. घरवाला दर्यात, मासली किनाऱ्यावर, आनि आमी वाळवंटात उंटावर?"

"मासली कोन विकंल? उंट?" दारातली एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

मी वसईत जन्मले, आयुष्यभर मासळी खाल्ली, आणि मला हे ठाऊक नव्हतं. त्यांनी मला समजावलं. त्यांच्याकडे डोळ लावतात, म्हणजे समुद्रात खुंट रोवून त्याला पिशवीसारखं जाळं बांधतात. पाणी ओढीने वाहतं आणि मासळी त्यात शिरते. पुनव-अवसेला उधाण, पाण्याला ओढ जास्त, जाळी भरतात. अष्टमीच्या आसपास भांग. ओढ मंदावते, जाळं लुळं पडतं, होड्या किनाऱ्याला लागतात. बायकांना श्वास घ्यायला मिळतो तो तेव्हाच. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, पण तेव्हा राजस्थानात दुपारी उंटसुद्धा सावली शोधतो.

"म्हणजे अष्टमी," मी म्हणाले. "पण अष्टमीला चांदणं नाही मिळणार. वद्य अष्टमीला तर चंद्र मध्यरात्री उगवतो."

"काळोख आमाला नवा नाय," संगीता म्हणाली. "आनि चांद काय, तो तर आमाला कामाला लावतो. चार दिवस दिसला नाय तर बराच."

तारीख बदलून वद्य अष्टमी टाकली. तंबू सहज मिळाले, कारण अष्टमीला वाळवंटात कोणी जात नाही.

या सगळ्या बोलण्यात एक बाई गप्प होती. चार खुर्च्यांपैकी एक तिला मिळाली होती, म्हणजे मान होता. हिराबाई. संगीताची चुलत सासू. वय सदुसष्ट. लुगडं घट्ट नेसलेलं, पाठ ताठ, मान त्याहून ताठ. होडीने अलीकडे यायचं, मासळीची पाटी डोक्यावर घ्यायची आणि विरारच्या इमारतींमधून दारोदार फिरायचं, हे ती चाळीस वर्षं करत आली होती. लिफ्टमध्ये मासळीवालीला घेत नाहीत. चार-चार जिने. गुडघे त्यातच गेले.

मी नावापुढे वयं लिहीत होते. सदुसष्ट लिहिलं आणि त्यापुढे सवयीने 'गाडी'.

"ता काय लिवलं?" हिराबाईने विचारलं. वाचता येत नव्हतं, पण माझा हात थांबलेला तिने पाहिला होता.

मी नियम सांगितला. गादी आहे, टेकायला लोड आहे, वगैरे.

"गाडीत मासली जाते, बाय," ती म्हणाली. "मना पाठीवर बसायचाय."

"अहो, पण गुडघे..."

"गुडघे उंटाचे वाकतान. माजे कशाला?"

सगळ्या पुन्हा हसल्या. मीही हसले, पण पेन खाली ठेवलं नाही. मी म्हणाले, "उंटावरच बसायचं असेल तर रविवारी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर एखादा उंट फिरतोच की. वाळू सपाट, घर जवळ. तिथे बसा."

हिराबाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिळी सुरमई ताजी म्हणून पुढे केली होती.

"तिथं? समोरून माजी गिऱ्हाइकां येनार. म्हातारी चळली म्हनतील." मग आवाज खाली आणून म्हणाली, "चाळीस वरसां मी वाहिली, बाय. एकदा मना कोनी वाहावं. पन लांब. जिथं मना कोन वळखत नाय तिथं."



मी डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली. खरं सांगायचं तर 'नको' अशी चिठ्ठी येईल आणि वाईटपणा डॉक्टरांकडे जाईल, असा माझा हिशोब होता. चिठ्ठी आली. 'वयानुसार गुडघ्यांची झीज. झेपेल तेवढे करण्यास हरकत नाही.' अशा चिठ्ठीने कोणाचंच काही ठरत नाही. मी ती वहीत चिकटवली आणि 'गाडी' खोडलं नाही. सरांची कापड घातलेली पेटी मला दिसत होती.

बोरिवलीहून रेल्वे, जोधपूरहून बस. प्रवासात अकरा जणींनी माझ्या खाण्याच्या यादीची वाट लावली. प्रत्येकीच्या पिशवीत सुके बोंबील. तंबूंच्या ठिकाणी शेकोटीवर त्यांनी ते भाजायला घेतले, तेव्हा तिथला स्वयंपाकी एक बोंबील हातात फिरवून म्हणाला, "बाईजी, यह लकड़ी तो जलती ही नहीं।" उंटांनी नाकपुड्या मिटून घेतल्या. उंटाला नाकपुड्या मिटता येतात. वाळूसाठी दिलेली सोय आहे, पण बोंबलालाही चालते.

पहिल्या संध्याकाळी तंबूंपासून टेकड्यांपर्यंत जायचं होतं. दहा जणी उंटांवर, हिराबाई गाडीत. तिने वाद घातला नाही. मला ते जास्त लागलं. ती गाडीत मागच्या बाजूला तोंड करून बसली आणि मागून येणारी उंटांची रांग बघत राहिली. मी तिच्या मागे जीपमध्ये, मांडीवर यादी. वरून संगीता ओरडली, "आये, कशी वाटतंय गादी?"

"मऊ हाय," हिराबाई म्हणाली. "टोपलीत पापलेट ठेवलाय बर्फावर, तसा वाटतंय."

टेकडीवर सगळ्यांनी सूर्य बुडताना पाहिला. अंधार पडल्यावर आभाळ ताऱ्यांनी इतकं भरलं की मी चांदणं नसल्याची माफी मागायची विसरले. पौर्णिमेच्या माझ्या माणसांनी हे आभाळ कधी पाहिलेलंच नाही, हे मला सोळा वर्षांनी कळलं. रात्रीचा मुक्काम तिथेच होता.

सकाळी परतीची तयारी. साडेसहाला चहा, सातला उंट, आठला तंबूंपाशी बस तयार. मी जीपजवळ उभी राहून नावं वाचत होते. हिराबाई गाडीकडे न जाता माझ्याजवळ आली.

"बाय, एक इच्यारू? तुमी बसलाव का कदी?"

"कशावर?"

"उंटावर. दुसऱ्या कशावर!"

आता इथे खोटं बोलता आलं असतं. पण थंडी होती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी खरं सांगितलं. नाही. सुरुवातीला कोणीतरी पाण्याची जीप घेऊन मागे राहायला हवं म्हणून नाही. सरांच्या मनगटानंतर भीतीने नाही. सोळा हिवाळ्यांत शेकडो माणसांना मागे रेला, मागे रेला म्हणून सांगितलं, पण माझी स्वतःची पाठ कधी रेलली नव्हती.

हिराबाई म्हणाली, "आमच्यात पवता येत नाय असा तांडेल नसतो."

तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. सगळ्यांचे जीव त्याच्या हाती असतात.

उंटवाल्यांचा प्रमुख मूलाराम शेजारी पट्टे आवळत होता. माझ्याच वयाचा, सोळाही वर्षं माझ्याबरोबर. त्याला मराठी कळत नाही, पण ताशेरा कुठल्याही भाषेत कळतो. तो मिशीत हसला. "बाईजी, माँजी को बिठाना है तो धापू है। बूढ़ी है, आराम से बैठती है।"

"और चढ़ेगी कैसे? घुटने खराब हैं।"

धापू नावाच्या उंटिणीला त्याने टेकडीच्या उतारालगत नेलं आणि तिथे बसवलं. उताराच्या वरच्या बाजूने खोगीर जेमतेम खाटेएवढं उंच राहत होतं. पाय उचलून टाकायचा नव्हता, नुसता सरकवायचा होता. सोळा वर्षांत ही युक्ती मला सुचली नव्हती आणि मी कधी विचारलीही नव्हती. माझा नियम इतका पक्का होता की त्याला पर्याय असेल का, हा प्रश्नच वहीत नव्हता. माझी मावशीसुद्धा बसू शकली असती. ती आता नाही.

"तरी पण," मी म्हणाले, "पडलात तर?"

"बाय, मी रोज होडीत चढते," हिराबाई म्हणाली. "गुडघाभर पान्यात. होडी हालते, लाट येते, डोक्यावर पाटी. धा वेळा पडली असंन. मासली नाय पडू दिली."

माझ्या मनात सर होते, मावशी होती, डॉक्टरांची ती धड ना हो धड ना नाही अशी चिठ्ठी होती. मी यादी जीपच्या सीटवर ठेवली आणि म्हणाले, "आधी मी बसते. मग तुम्ही."

माझ्यासाठी दुसरा उंट आला. मी बसले. माझीच सूचना मला ऐकवायला दहा बायका वरून तयार होत्या.

"मॅडम, मागं रेला!"

"दोनी हात खुंटीला!"

"चष्म्याला दोरी बांदली का?"

उंट उठला. मी पुरेशी रेलले नाही आणि नाकाने खुंटीला नमस्कार करता करता वाचले. सांगते ते खरं आहे: जमीन एकदम निघून जाते. सूचनेत हे लिहिलेलं नव्हतं. वर पोचल्यावर मात्र समोर सगळं उघडं होतं, आणि मी थोडा वेळ काही मोजलं नाही.

मग हिराबाई. मूलारामने एक हात धरला, संगीता उतरून आली होती, तिने दुसरा. लुगड्याचा कासोटा असल्याने पाय टाकायची अडचण नव्हती. ती सरकली आणि बसली. खुंटी धरली. मूलारामने टिचकी वाजवली.

"मागे!" मी ओरडले. "मागे रेला, हिराबाई!"

ती मोजून रेलली, लाटेवर रेलतात तशी. धापू मागून उठली, हिराबाईची कंबर हलली, पाठ हलली, मान जागच्या जागी राहिली. आणि ऐन झटक्याच्या वेळी तिचा उजवा हात खुंटीवरून सुटला आणि वर डोक्याकडे गेला.

दोन्ही हात खुंटीला, हे माझ्या लाल शाईतलं वाक्य. पण तो हात काय करत होता ते मला दिसलं. तो पाटी सावरत होता.

पाटी नव्हती. हात डोक्यापाशी मोकळ्या हवेत थांबला. हिराबाईने वर बघितलं, मग हाताकडे, आणि खळखळून हसली. "सवय गो," ती म्हणाली. हात खाली आणून तिने खुंटी धरली नाही. मांडीवर ठेवला.

आम्ही निघालो. पुढे दहा जणींच्या माना उंटाच्या चालीबरोबर डुलत होत्या, माझी तर खिळखिळी झाली होती. एकटी हिराबाई सरळ. संगीताने दोनदा हाक मारली, तिने ओ दिली नाही. रिकामी गाडी आमच्या मागून येत होती.

तंबू दिसू लागले. बस उभी होती, ड्रायव्हर बाहेर येऊन घड्याळ दाखवत होता. एकेक उंट बसू लागला, बायका मागे रेलत, किंचाळत, हसत उतरल्या. माझाही बसला. मूलारामने धापूला एका उंचवट्यालगत नेलं आणि वर बघून विचारलं, "माँजी, उतारूँ?"

हिराबाईने लांबवर, आलो त्या वाटेकडे मान वळवली.

"अबी नको," ती म्हणाली. "अजून एक फेरी मार ना, भाऊ. जड तर नाय ना मी?"

मूलारामने माझ्याकडे पाहिलं. आठ वाजायला दोन मिनिटं होती. मी मनगटावरचं घड्याळ स्वेटरच्या बाहीखाली सरकवलं.